मध्यम वजन, पूर्ण वेग : पॉवरलिफ्टिंगच्या सरावातील एक उपयुक्त पद्धती

आदिलाबाद शहराला लागून, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर मावला हे गाव वसले आहे. २०१६ साली जिल्ह्याची पुनर्रचना झाली, तेव्हा मावला हे मंडलाचे ठिकाण झाले. दसरा-दिवाळी उलटली की कापसाने भरलेल्या गाड्या आणि ट्रॅक्टर आदिलाबादच्या बाजारपेठेची वाट धरतात. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. त्यामुळे या परिसरातील अनेक घरांतून तेलुगूच्या जोडीने मराठीही सहज बोलली जाते.

या भागातील काळ्या जमिनीत अवेळी पाऊस झाला आणि भरलेल्या गाडीचे चाक रुतले, म्हणजे काय करावे लागते हे येथील शेतकऱ्याला सांगावयास नको. चार माणसांनी एकामागून एक, आपापल्या सवडीने रेटा दिला तर गाडी जागची हलत नाही. तीच चार माणसे एका आवाजासरशी, एकाच क्षणी, सर्व बळ एकवटून रेटू लागली की चाक चिखलातून वर येते. माणसे तीच, गाडीही तीच. फरक पडतो तो बळ किती झटपट आणि किती एकवटून लावले यामुळे. वजन उचलण्याच्या आधुनिक शास्त्रातील एक महत्त्वाची पद्धती याच अनुभवावर उभी आहे. तिची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय केवळ खेळाडूंपुरता नाही. आज लहान गावांतूनही व्यायामशाळा निघाल्या आहेत. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण, महाविद्यालयीन स्पर्धांत उतरणारी मुले-मुली आणि नुसत्या हौसेने वजने उचलणारे असे सर्व जण तेथे जमतात. परंतु पुष्कळ ठिकाणी शिकविणारा जाणकार नसतो. मग मित्राने काल ८० किलो उचलले म्हणून आपण आज ९० किलोला हात घालावयाचा, अशी चढाओढ सुरू होते. या चढाओढीत कंबर किंवा खांदा दुखावला, तर नुकसान त्या एका तरुणाचे राहत नाही. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घरातील कर्ता मुलगा महिनाभर अंथरुणावर पडला म्हणजे सारे घर अडचणीत येते. म्हणून ताकद वाढविण्याचा योग्य मार्ग कोणता, हे खेळाडूंइतकेच पालकांनी आणि शिक्षकांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

पॉवरलिफ्टिंग म्हणजे काय?

वजन उचलण्याचे दोन मुख्य क्रीडाप्रकार आहेत. ऑलिंपिकमध्ये खेळला जातो तो वेटलिफ्टिंगचा प्रकार होय. त्यात वजनाची दांडी जमिनीवरून उचलून डोक्यावर न्यावी लागते. पॉवरलिफ्टिंग हा दुसरा प्रकार. त्यात तीन उचली असतात. पहिली उचल स्क्वॉट. दांडी खांद्यांमागे पाठीवर घेऊन खोल बैठक मारावयाची आणि उठावयाचे. दुसरी बेंच प्रेस. बाकावर उताणे पडून दांडी छातीपर्यंत आणावयाची, तेथे ती स्थिर करावयाची आणि पंचाने आज्ञा दिल्यावर हात ताठ होईपर्यंत वर रेटावयाची. तिसरी डेडलिफ्ट, जमिनीवरची दांडी दोन्ही हातांनी धरून ताठ उभे राहावयाचे. प्रत्येक उचलीसाठी तीन प्रयत्न मिळतात आणि तीनही उचलींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज करून निकाल लावला जातो.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ साली स्थापन झाली. १९८१ पासून जागतिक क्रीडास्पर्धा अर्थात वर्ल्ड गेम्स या महोत्सवात त्याचा समावेश आहे. दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिंपिक स्पर्धांत यातील बेंच प्रेस हा प्रकार खेळला जातो. २००४ साली अथेन्स येथील पॅरालिंपिकमध्ये भारताच्या राजिंदरसिंग रहेलू यांनी त्यात कांस्यपदक मिळविले होते.

गंमत अशी की, शास्त्राच्या भाषेत ‘पॉवर’ म्हणजे बल आणि वेग यांचा गुणाकार. परंतु पॉवरलिफ्टिंगमधील सर्वात जड उचल अत्यंत संथ असते. बेंच प्रेसमध्ये खेळाडू आपल्या कुवतीचे कमाल वजन रेटतो, तेव्हा दांडी सेकंदाला पंधरा-सतरा सेंटिमीटर एवढ्याच वेगाने वर सरकते. मग अशा संथ खेळाच्या तयारीसाठी हलके वजन वेगाने उचलण्याचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

ताकद तपासणे आणि ताकद कमावणे

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक भेद आधी ध्यानात घ्यावयास हवा. ताकद तपासणे वेगळे आणि ताकद कमावणे वेगळे. आपल्याला जास्तीत जास्त किती वजन एकदा उचलता येते हे पाहणे ही परीक्षा होय. परीक्षा रोज देऊन विद्या वाढत नाही. त्यासाठी अभ्यास करावा लागतो. कमाल वजनाचा रोजचा प्रयत्न सांधे, स्नायुबंध आणि मज्जासंस्था यांना थकवितो. काही दिवस प्रगती दिसते, मग वजन अडते, उत्साह ओसरतो आणि बहुधा याच टप्प्यावर दुखापत होते.

व्लादिमिर झात्सिओर्स्की या रशियन शास्त्रज्ञाने स्नायूंवर कमाल ताण आणण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. पहिला, कमाल वजन उचलणे. दुसरा, मध्यम वजन थकवा येईपर्यंत पुन:पुन्हा उचलणे. तिसरा, कमालीपेक्षा कमी वजन शक्य तितक्या वेगाने उचलणे. यातील पहिले दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिसरा मात्र दुर्लक्षित राहतो, कारण तो पाहणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. शंभर किलो उचलू शकणारा माणूस पन्नास-साठ किलो घेऊन सराव करताना दिसला, तर बघे त्याला आळशी समजतात. प्रत्यक्षात तो वजनाची उणीव वेगाने भरून काढीत असतो.

वेगाने बळ कसे वाढते?

शाळेत शिकविला जाणारा न्यूटनचा दुसरा नियम येथे उपयोगी पडतो. बल म्हणजे वस्तुमान आणि प्रवेग यांचा गुणाकार. साठ किलोची दांडी नुसती तोलून धरावयाची तर सुमारे ५८८ न्यूटन एवढे बल लागते. तीच दांडी सेकंदागणिक ५ मीटर प्रति सेकंद या प्रवेगाने वर ढकलली, तर त्या क्षणी लागणारे बल ८८८ न्यूटन होते. हे बल सुमारे ९० किलो वजन तोलून धरण्याइतके आहे. म्हणजे दांडीवर साठ किलो असताना स्नायूंनी क्षणभर नव्वद किलोंचे काम केले. उच्च माध्यमिक वर्गातील शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविले, तर भौतिकशास्त्राचा एक रुक्ष वाटणारा नियम विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडेल.

दुसरे कारण मज्जासंस्थेचे आहे. आपला प्रत्येक स्नायू हा तंतूंच्या अनेक लहानमोठ्या गटांचा बनलेला असतो आणि प्रत्येक गटाला मज्जातंतूकडून आज्ञा मिळते. काम हलके असेल तर लहान गट कामाला लागतात. काम वाढेल तसे मोठे आणि बलवान गट हाक ऐकतात. एल्वुड हेनमन या शास्त्रज्ञाने हा क्रम दाखवून दिला. हे बलवान गट एरवी विश्रांती घेत असतात. त्यांना जागे करण्याचे दोन उपाय : एक तर फार जड वजन, नाही तर फार जलद हालचाल. गाडी रेटणाऱ्या माणसांना जशी एकाच वेळी हाक द्यावी लागते, तशी या सर्व गटांना एकाच वेळी आणि त्वरेने आज्ञा देण्याची सवय मज्जासंस्थेला वेगाच्या सरावाने लागते.

तिसरी गोष्ट वेळेची. स्नायूला आपले संपूर्ण बळ प्रकट करण्यास साधारणत: ०·३ ते ०·४ सेकंद लागतात. कुस्तीतील पट काढणे, कबड्डीतील चढाई, उंच उडी अशा कितीतरी हालचालींत एवढा अवधी मिळत नाही. मोठ्या ताकदीचा माणूस पुष्कळदा चपळ प्रतिस्पर्ध्यापुढे हरतो, याचे एक कारण हेच. बळ असते, परंतु ते वेळेवर पोहोचत नाही.

हेतू महत्त्वाचा

या पद्धतीविषयी झालेल्या संशोधनात एक अतिशय उद्बोधक प्रयोग आहे. डेव्हिड बेहम आणि डिग्बी सेल या संशोधकांनी तो १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी सरावात भाग घेणाऱ्यांच्या एका पायाला घोट्यातून वेगाने हालचाल करू दिली. दुसरा पाय मात्र अडवून धरला. दोन्ही पायांनी प्रयत्न मात्र शक्य तितक्या वेगाने हालचाल करण्याचाच करावयाचा होता. सरावाच्या अखेरीस दोन्ही पायांत जलद हालचालीची क्षमता सारखीच वाढलेली आढळली. जो पाय प्रत्यक्षात हललाच नव्हता, त्यालाही वेगाचा लाभ झाला. याचा अर्थ दांडी प्रत्यक्ष किती वेगाने गेली यापेक्षा ती वेगाने नेण्याचा प्रयत्न किती मनापासून झाला, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

२०१४ साली स्पेनमधील संशोधकांनी बेंच प्रेसवर केलेला अभ्यासही असाच आहे. दोन गटांना सारखेच वजन आणि सारखीच आवर्तने दिली. एका गटाने दांडी शक्य तितक्या वेगाने रेटावयाची, तर दुसऱ्याने त्याच्या निम्म्या वेगाने. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाची कमाल उचल सुमारे १८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटाची सुमारे १० टक्क्यांनी वाढली. वजनात एका किलोचीही भर न घालता केवळ प्रयत्नाच्या रीतीने एवढा फरक पडला.

ही पद्धती रूढ कशी झाली?

पूर्वीच्या सोव्हिएत संघातील प्रशिक्षकांनी वजन आणि आवर्तने यांचे प्रमाण अनुभवाने ठरविले होते. प्रिलेपिन या प्रशिक्षकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तक्त्यात ५५ ते ६५ टक्के वजनासाठी एका सत्रात १८ ते ३० उचली, तर ९० टक्क्यांपुढील वजनासाठी अवघ्या ४ ते १० उचली सांगितल्या आहेत. वजन जड तर उचली थोड्या आणि वजन मध्यम तर उचली अधिक, असा त्याचा सारांश आहे.

अमेरिकेत डॉ. फ्रेड हॅटफील्ड यांनी प्रत्येक उचल वरच्या दिशेने वेग वाढवीत नेण्याचा पुरस्कार केला. बैठकीतून उठताना वरच्या टप्प्यात उठणे सोपे होते. तेथे सैल न पडता जोर वाढवीत नेला, तर संपूर्ण हालचालभर स्नायूंना काम मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८७ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास, त्यांनी स्क्वॉटमध्ये १,०१४ पौंड म्हणजे सुमारे ४६० किलो वजन उचलून दाखविले. ओहायो राज्यातील लुई सिमन्स या प्रशिक्षकाने आठवड्यातील काही दिवस जड वजनासाठी आणि काही दिवस केवळ वेगासाठी राखून ठेवण्याची पद्धती रूढ केली. सिमन्स यांचे २०२२ साली निधन झाले. परंतु त्यांची पद्धती आज जगभर वापरली जाते.

आपल्या तालमींना ही कल्पना अगदीच अनोळखी आहे असे नाही. जोर आणि बैठका ठेक्यात, झपाट्याने मारण्याची रीत जुनीच आहे. त्यात वजन असते ते केवळ स्वत:च्या शरीराचे, म्हणजे कमालीपेक्षा पुष्कळ कमी. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव याच तालमीच्या परंपरेत वाढले. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक जिंकून त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. चपळाई हाच त्यांच्या कुस्तीचा विशेष होता.

सरावाची रूपरेषा

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळू. समजा, एखाद्या तरुणाची स्क्वॉटमधील कमाल उचल १०० किलो आहे. वेगाच्या दिवशी त्याने पहिल्या आठवड्यात ५० किलो, दुसऱ्या आठवड्यात ५५ आणि तिसऱ्या आठवड्यात ६० किलो वजन घ्यावे. चौथ्या आठवड्यात पुन्हा ५० किलोवर यावे. दर वेळी दोनच बैठकांचा एक सेट, असे आठ ते दहा सेट करावेत. दोन सेटमध्ये सुमारे एक मिनिट विश्रांती घ्यावी. एकूण बैठका सोळा ते वीस होतात. कोणत्याही सेटमध्ये दम लागून हालचाल मंदावण्याची वेळ येता कामा नये. म्हणूनच आवर्तने दोन आणि सेट अधिक, अशी रचना आहे.

बेंच प्रेससाठी हेच प्रमाण घेऊन तीन आवर्तनांचे आठ सेट करावेत. कमाल उचल ७० किलो असेल, तर ३५ ते ४२ किलो वजन पुरेसे आहे. डेडलिफ्टमध्ये प्रत्येक उचल जमिनीवरून नव्याने सुरू करावयाची असते. त्यामुळे ६० ते ७० टक्के वजनाच्या सहा ते आठ सुट्या उचली कराव्यात.

जड सराव आणि वेगाचा सराव यांत अंतर हवे. पायांचा जड सराव सोमवारी केला, तर पायांचा वेगाचा सराव शुक्रवारी करावा. बेंच प्रेससाठी बुधवार आणि रविवार असे वार ठेवता येतील. ज्यांना शेतीची किंवा नोकरीची कामे सांभाळून आठवड्यातून दोनच दिवस मिळतात, त्यांनी एक दिवस जड आणि एक दिवस वेगाचा ठेवला तरी चालेल.

वेग योग्य आहे की नाही हे कसे ओळखावे? महागडी उपकरणे असलीच पाहिजेत असे नाही. बैठकीच्या तळापासून ताठ उभे राहीपर्यंत एक सेकंदापेक्षा कमी वेळ लागावा. मित्राने मोबाईलवर चित्रण केले तर हे सहज पडताळून पाहता येते. आठव्या सेटमधील उठणे पहिल्या सेटपेक्षा डोळ्यांना जाणवेल इतके संथ झाले, तर त्या दिवशीचा वेगाचा सराव तेथेच थांबवावा. ठरविलेले सेट पूर्ण करण्याचा हट्ट येथे उपयोगाचा नाही. कारण थकलेल्या स्नायूंना संथपणाचीच सवय लागते.

वेग म्हणजे हिसका नव्हे

या पद्धतीविषयी सर्वात मोठा गैरसमज येथेच होतो. वेगाने उचलावयाचे म्हणजे दांडीला हिसका द्यावयाचा, असे अनेकांना वाटते. ते चूक आणि धोक्याचे आहे. पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत.

एक, वेग केवळ वर जाताना ठेवावा. खाली येताना दांडी ताब्यात असली पाहिजे. बैठकीत धाडकन खाली बसणे किंवा बेंच प्रेसमध्ये दांडी छातीवर आदळून उसळविणे हे गुडघ्यांना आणि बरगड्यांना इजा करणारे आहे.

दोन, डेडलिफ्टमध्ये आधी हात ताठ करून दांडीवर ताण घ्यावा, पाठ सरळ ठेवावी आणि मग पायांनी जमीन दाबीत जोर वाढवावा. सैल हातांनी दांडी एकदम खेचल्यास दंडाच्या पुढच्या स्नायूला आणि कमरेला धोका संभवतो. रुतलेल्या गाडीचा दोर आधी ताणून घेतात आणि मग ओढतात, तसेच हे आहे.

तीन, दांडीच्या दोन्ही टोकांना चकत्या अडकविणारे कॉलर घट्ट बसवावेत. वेगामुळे चकत्या सरकतात आणि तोल जातो.

चार, बेंच प्रेस करताना डोक्याशी एक जाणता सोबती उभा असावाच. वजन हलके असले तरीही. एकट्याने हा व्यायाम करू नये.

पाच, सरावापूर्वी रिकामी दांडी आणि हलकी वजने घेऊन अंग तापवून घ्यावे. आदिलाबाद जिल्ह्यातील हिवाळ्याच्या पहाटे फार थंड असतात. त्या दिवसांत या तयारीला नेहमीपेक्षा अधिक वेळ द्यावा. उलट, उन्हाळ्यात दुपारची वेळ टाळून सकाळी लवकर सराव करावा आणि पाणी पुरेसे प्यावे.

पद्धतीच्या मर्यादा

कोणतीही पद्धती सर्वांसाठी आणि सर्वकाळ योग्य नसते. वजन मध्यम असले की सुरुवातीला दांडी वेग घेते, परंतु हालचाल संपताना तिला थांबवावेच लागते. बेंच प्रेसविषयी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, कमाल वजनाच्या उचलीत शेवटच्या सुमारे पाव भागात दांडी मंदावते. सुमारे ८० टक्के वजनात मात्र जवळजवळ निम्मा प्रवास मंदावण्यात जातो. म्हणजे वजन जितके हलके, तितके हालचालीच्या उत्तरार्धात स्नायूंचे काम कमी. यावर उपाय म्हणून काही खेळाडू दांडीला लोखंडी साखळ्या किंवा रबरी पट्टे लावतात. साखळी दांडीबरोबर जमिनीवरून उचलली जाऊ लागली की वजन क्रमाने वाढत जाते. मात्र ही साधने अनुभवी खेळाडूंसाठी आहेत. नवशिक्यांनी त्यांच्या नादी लागू नये.

दुसरे असे की, ५० ते ६० टक्के हे प्रमाण मुख्यत: ताणबंद पोशाख वापरणाऱ्या स्पर्धकांच्या अनुभवातून आले आहे. साध्या पोशाखात उचलणाऱ्यांसाठी ६० ते ७५ टक्के वजन अधिक लाभदायक ठरते, असे अनेक प्रशिक्षकांचे मत आहे. आणि कितीही वेगाने सराव केला, तरी जड वजनाचा अनुभव पूर्णपणे टाळता येत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याने जड वजनाखाली धीर धरावयास शिकलेच पाहिजे. परीक्षा रोज नसावी, पण अधूनमधून असावीच.

नवशिक्यांनी तर पहिले तीन-चार महिने वेगाचा विचारही करू नये. त्यांनी हलक्या वजनावर उचलीची रीत पक्की करावी. चुकीची रीत वेगाने गिरविली, तर चूक अधिक घट्ट बसते. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा जुने कंबरदुखणे असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय वजनांना हात लावू नये.

एका किलोचे मोल

अशा काटेकोर सरावाचे मोल काय असते, हे २०२२ सालच्या एका प्रसंगाने महाराष्ट्राने पाहिले. बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धांत सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर ५५ किलो गटात उतरला होता. पानटपरी आणि चहाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातील हा तरुण. स्नॅचमध्ये ११३ किलो आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो, असे एकूण २४८ किलो वजन त्याने उचलले. त्यानंतर १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचा कोपर दुखावला. तरीही त्याने आणखी एक प्रयत्न केला, पण तो सफल झाला नाही. मलेशियाच्या खेळाडूने २४९ किलोंसह सुवर्णपदक मिळविले आणि संकेतला रौप्यपदक लाभले. त्या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक होते.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकावयाच्या. सामान्य घरातील मुलगा योग्य मार्गदर्शनाने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर पोहोचू शकतो, ही एक. दुसरी अशी की, कमाल वजनाचा प्रयत्न अनुभवी आणि तयारीच्या खेळाडूलाही इजा करू शकतो. स्पर्धेच्या दिवशी तो धोका पत्करणे हा खेळाचा भाग आहे. गावातील व्यायामशाळेत, कोणतीही स्पर्धा नसताना, मित्रांच्या टाळ्यांसाठी तो रोज पत्करणे हा मात्र खेळ नव्हे.

गावांनी आणि शाळांनी काय करावे?

ज्या शाळेत दांडी आणि वजने नाहीत, तेथेही या पद्धतीचे तत्त्व शिकविता येते. जागेवरून लांब उडी, भिंतीलगत उभे राहून उंच उडी, झपाट्याने उठण्याच्या बैठका, हे सारे वेगाने बळ लावण्याचेच व्यायाम होत. भिंतीशी उभे राहून हात वर करावा आणि ओल्या बोटाने खूण करावी. मग जागेवरूनच उडी मारून दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर मोजून वहीत नोंदवावे. दर महिन्याला ही नोंद केली, तर विद्यार्थ्याची प्रगती त्याच्या स्वत:च्या डोळ्यांना दिसेल. प्रत्येक वेळी चार-पाच उड्या पुरेत. मध्ये विश्रांती द्यावी. मुलींनाही हे व्यायाम मुलांइतकेच उपयुक्त आहेत. ऑलिंपिकमध्ये पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला कर्णम मल्लेश्वरी ही आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील, आणि तिचा खेळ वजन उचलण्याचाच होता. २००० साली सिडनी येथे तिने एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळविले.

हंगामाचेही भान ठेवावयास हवे. कापूसवेचणीच्या दिवसांत दिवसभर गाठोडी आणि पोती वाहणाऱ्या तरुणाने संध्याकाळी जड सराव करू नये. त्या काळात आठवड्यातून एखादा हलका, वेगाचा आणि थोड्या वेळाचा सराव कमावलेली ताकद टिकविण्यास पुरतो. आहारासाठीही महागड्या डब्यांची आवश्यकता नाही. ज्वारीची भाकरी, तूर-उडदाची डाळ, सोयाबीन, भुईमूग, दूध आणि चालत असतील त्यांना अंडी, यांतून शरीराला लागणारी प्रथिने मिळू शकतात. झटपट ताकद देणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शने यांपासून मात्र दूर राहावे. ती आरोग्यास घातक आहेत आणि स्पर्धांच्या नियमांनुसार त्यांतील अनेक द्रव्ये निषिद्ध आहेत; दोषी ठरलेल्या खेळाडूवर बंदी येते.

ग्रामपंचायतींनी आणि स्थानिक मंडळांनी व्यायामशाळेला साहित्य देताना चकत्यांच्या संख्येपेक्षा आधी तीन गोष्टी पाहाव्यात : सपाट आणि न घसरणारी जमीन, दांडी ठेवण्याचे भक्कम स्टँड आणि उचलीची रीत शिकविणारी जाणती व्यक्ती. भिंतीवर एक फळा लावून प्रत्येकाची नोंद ठेवता आली तर उत्तम. त्या फळ्यावर ‘आज कोणी सर्वाधिक उचलले’ याऐवजी ‘किती आठवडे खंड न पडता सराव झाला’ हे लिहिले जावे. फळ्यावर जे लिहिले जाते, त्याचीच मुलांत चढाओढ लागते. म्हणून ते विचारपूर्वक ठरविणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढणारा शेतकरी बळ वाया घालवीत नाही. तो आधी चाकापुढची माती काढतो, चाकाखाली दगड लावतो, माणसांना जागेवर उभे करतो आणि मगच हाक देतो. त्या एका हाकेत सर्वांचे बळ येते. व्यायामशाळेतील तरुणानेही हाच क्रम ठेवावा : आधी रीत, मग मध्यम वजन, त्या वजनावर मनापासून वेग आणि शेवटी, योग्य दिवशी, कमाल वजन. हा क्रम पाळला, तर ज्या ताकदीने एखाद्या दिवशी पदक मिळेल, तीच ताकद दुसऱ्या दिवशी शेतावर आणि कामावर सुखरूप हजर असेल.